कळव्याहून महापे रोज कसं जायचं?

नवीन_भरती: सोमवारपासून महापे एमआयडीसीत जॉइन होतोय, शिफ्ट ९ ची. बाईक काढू की ट्रेन? मित्र म्हणतो बाईकने पावसाळ्यात कंबर जाते.

घणसोलीकर: ट्रेनच. कळव्याहून ठाण्याला यायचं, मग पूल चढून ९-१० नंबर प्लॅटफॉर्मला ट्रान्सहार्बर (नवी मुंबईकडे जाणारी लोकल) पकड, वाशी किंवा पनवेल कुठलीही चालेल, घणसोलीला उतर आणि बाहेर शेअर रिक्षा. ठाणे-घणसोली वीसेक मिनिटं, खरा वेळ ठाण्याच्या पुलावर जातो बाबा, तिथे माणूस चालत नाही, ढकलला जातो 😅

नवीन_भरती: पण कळवा-ऐरोली थेट लाइन होणार होती ना? म्हणजे ठाण्याला उलटं जायलाच नको.

डबा_बॅग_छत्री: होणार होती रे, २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन तेवढं चालू झालं, पण तेही ठाणे-ऐरोलीच्या मधे, तुझ्या काही कामाचं नाही. मी आठ वर्षं हेच करतेय. पास काढताना घणसोलीपर्यंत सलग काढ, तुकड्यात नको. आणि शेअर रिक्षावाला चौथा बसवल्याशिवाय हलत नाही, दहा मिनिटं हातात ठेवून निघ.

नवीन_भरती: ओके ताई, बाईक कॅन्सल.