मदत हवी आहे: पहिल्या वर्षाची मुलं एकमेकांत मिसळावीत म्हणून काय करता?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. यंदा पहिल्या वर्षाचं इंडक्शन, म्हणजे नव्या मुलांना कॉलेजात रुळवण्याचा सुरुवातीचा कार्यक्रम, माझ्या गळ्यात पडलंय. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) आराखड्यात ते तीन आठवड्यांचं असतं. त्यातला बराच वेळ हारतुरे आणि भाषणं खातात, हे आपल्यातच.

वर्गात नांदेड-लातूरची मुलं आहेत, पंतप्रधान विशेष शिष्यवृत्तीवर काश्मीर-लडाखहून आलेली आहेत, शिवाय इथलीच पुण्याची. गट पाडले की फाडफाड इंग्रजी बोलणारा न विचारताच म्होरक्या होतो. लडाखची एक मुलगी वहीत नेमका मुद्दा लिहून ठेवते, पण बोलत नाही. नांदेडचा मुलगा मराठीत भन्नाट बोलतो, प्रेझेंटेशन म्हटलं की घाम फुटतो. मेसमध्ये तर टेबलंच वाटली गेलीत.

गटप्रमुख आळीपाळीने बदलून पाहिला. नाव बदलतं, कारभारी तोच. 'आपापल्या राज्याचा पोशाख घालून या' छापाचे कार्यक्रम नकोत, त्यात फोटो तेवढे छान येतात. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या निवासी शिबिरात मुलं खरंच जवळ येतात, पण ते हिवाळ्यात. तोवर कंपू पक्के झालेले असतात.

म्हणून सुरुवातीलाच हॉस्टेलच्या गणपतीचा हिशेब, खरेदी, स्वयंपाक अशी कामं मिश्र जोड्यांना द्यावीत असं डोक्यात आहे. सण सगळ्यांचा नाही, याचीही धाकधूक आहे. कुणी असं काही केलंय का? आणि सीनियर मार्गदर्शक मुलाच्याच भाषेचा द्यावा की मुद्दाम दुसऱ्या?