वसईचं घराणं चर्चच्या वहीतून किती मागे शोधता येतं?

नंदाखालची_नात
नमस्कार. माझं माहेर वसईचं, आम्ही सामवेदी ख्रिस्ती, आडनाव लोपीस. आजी कायम सांगायची की आपला मूळ पुरुष पोर्तुगालहून आलेला शिपाई होता. ती मागच्या वर्षी गेली आणि तेव्हापासून वंशावळ मांडायचं मनावर घेतलंय. पणजोबांपर्यंत नावं लागली, पुढे सगळा अंधार. कुणीतरी म्हणालं चर्चमधली स्नानसंस्काराची म्हणजे बाप्तिस्म्याची जुनी पुस्तकं बघ, पण ती पोर्तुगीजमध्ये आहेत म्हणे. तर १७३९ च्या आधीपर्यंत म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच्या मागे जाता येईल का? आणि सुरुवात नक्की कुठून करू? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.

किरवलीकर
ताई, मी आमच्या घराचं केलंय, चार वर्षं लागली. पहिली गोष्ट, आडनावाच्या मागे लागू नका. आपल्याकडे ख्रिस्ती झालेल्या माणसाला आडनाव मिळायचं ते बहुतेक वेळा धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याच्या वेळी पालक म्हणून उभा राहणारा) नाहीतर स्नान देणाऱ्या फादरचं. एकाच दिवशी एका वाडीतल्या पाच घरांना एकाच फिरंग्याने धर्मपिता म्हणून उभं राहून आडनाव दिलं असेल तर ती पाच घरं नात्यातली होतात का? नाही ना. म्हणून लोपीस म्हणजे पोर्तुगीज रक्त असं होत नाही. आजींचं सांगणं मोडायचं म्हणून बोलत नाहीये, पण वही उघडायच्या आधी हे डोक्यात असलेलं बरं, नाहीतर दुसऱ्याच लोपीसांच्या घरात शिराल.

धरायचं ते गाव, आळी आणि घराला लोक ज्या नावाने हाक मारतात ते नाव. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ते आधी लिहून घ्या, चर्चचं नंतर.

आता वही. धर्मग्रामाच्या म्हणजे आपल्या पॅरिशच्या ऑफिसात अर्ज द्या, का बघायचंय ते नीट लिहा, प्रमुख धर्मगुरूंना आधी भेटा. मला एका ठिकाणी तीन वेळा परत पाठवलं, चौथ्यांदा शांतपणे बसून दोन तास बघू दिलं. कागद अक्षरशः कुरकुरतात, फ्लॅश मारून फोटो काढू नका. मागे कुठवर जाता येईल ते प्रत्येक चर्चचं वेगळं. आमच्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या मागे काही लागलं नाही. किल्ल्यातली चर्चेस १७३९ नंतर ओस पडली, तिथल्या वह्यांच्या आशेवर थांबू नका.

दिवाडीचा_वाचक
मी गोव्याचा, पण वसईच्या लोकांना थोडी मदत होईल म्हणून लिहितो. पुस्तकात नोंदी का असतात तर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये लग्नाची नोंद सक्तीची केली आणि स्नान देताना धर्ममातापित्यांची नावं लिहून ठेवायला सांगितलं. एका मुलाचा धर्मपिता त्या कुटुंबाचा आध्यात्मिक नातेवाईक धरला जायचा आणि त्यांच्यात लग्न चालायचं नाही, म्हणून ती नावं इतकी जपून लिहिलेली दिसतात. आपल्याला त्याचाच फायदा होतो, कारण धर्मपिता पुष्कळदा काका, मामा किंवा शेजारी असतो.

वाचताना घोळ होतो तो महिन्यांचा. सात आकडा आणि पुढे 'ब्रो' असं दिसलं की लोक जुलै समजतात, तो सप्टेंबर. आठ ब्रो ऑक्टोबर, नऊ ब्रो नोव्हेंबर, आणि रोमन दहाचं चिन्ह असलं की डिसेंबर. नावंही तोडलेली असतात, मारियाचा नुसता म आणि वर बारीक अ. 'फिल्यो लेजितिमो' म्हणजे औरस मुलगा, 'पाइश इन्कोग्नितुश' म्हणजे आईबाप माहीत नाहीत. 'पाद्रिन्यो' म्हणजे धर्मपिता. बाळ दगावतंय असं वाटलं तर सुईण घरीच पाणी घालायची आणि जगलं की नंतर चर्चमध्ये फक्त तेल लावायचे, ते वेगळं लिहिलेलं असतं, त्यामुळे तारीख जन्माची समजू नका.

आणि समास बघायला विसरू नका! १९०८ पासून लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करायचा नियम आहे. माझी आजेआत्या परक्या गावात दिली होती हे मला समासातूनच कळलं, घरात कुणाला आठवतसुद्धा नव्हतं.

गोव्यातल्या चर्चच्या जुन्या वह्या बऱ्याच पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत, हे दफ्तर १५९५ पासूनचं आहे आणि पहिला रखवालदार इतिहासकार दियोगो द कोउतो. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर स्कॅनही आहेत, खातं फुकट उघडतं.

नंदाखालची_नात
खूप खूप आभार दोघांचेही. खरं सांगू का, आडनावाचं वाचून आधी जरा वाईट वाटलं, आजीचा चेहरा समोर आला. पण मग वाटलं की ती शिपायापेक्षा जास्त आमच्या विहिरीबद्दल आणि केळीच्या बागेबद्दल बोलायची, तेच घर शोधायचंय मला. वसईच्या नोंदी गोव्यात असतील का?

किरवलीकर
स्नानाच्या असतील असं वाटत नाही. पण ताई, वसई १८८६ ते १९२८ दमण धर्मप्रांतात (बिशपच्या हाताखालचा भाग) होती, मग मुंबईकडे आली, १९९८ ला आपला वसई धर्मप्रांत झाला. म्हणजे कागद कुणाच्या हाताखालून कुठे गेले असतील ते यावरून विचारा, धर्मग्रामात नसेल तर वरच्या ऑफिसात चौकशी करा. आणि सिमाऊं बोतेल्यू नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५५४ मध्ये केलेला तोंबू म्हणजे महसुलाची नोंदवही छापलेली आहे, त्यात वसईकडच्या महसुलाच्या नोंदी आहेत. माणसं सापडणार नाहीत, पण गावांची नावं फिरंगी कशी लिहायचे ते कळतं, आणि तसंच स्पेलिंग पुढे चर्चच्या वहीत भेटतं. विहीर कुठल्या आळीत होती ते लिहा, माझी मावशी तिकडचीच आहे, विचारून सांगतो.

नंदाखालची_नात
आईला आत्ताच फोन केला, तिला आळीचं नाव पाठ आहे आणि घराला काय म्हणायचे तेही. मेसेज करते लगेच.