अनुभव धागा: विषय कुणी काढला, कोणत्या शब्दांत?

धागाकर्ती, दांडिया बाजार
बडोदे संस्थानात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. न जमणाऱ्या लग्नातून बाहेर पडायची वाट सयाजीरावांच्या राज्यात तेव्हाच मिळाली. पण जे संसार चांगले चालले आहेत, त्यांत 'मला शरीरसंबंधांतून सुख मिळत नाही' हे जोडीदाराला कसं सांगायचं, ते अजून कुणी शिकवत नाही. आपल्याकडे हळदीकुंकवाला गुडघ्यांपासून थायरॉइडपर्यंत सगळं निघतं, एवढं सोडून. म्हणून विचारते आहे: विषय कुणी काढला, कुठे, आणि नेमके काय शब्द वापरले? नावं देऊ नका, जोडीदाराची ओळख पटेल असंही काही नको.

सुरसागरजवळची, वय ५२
पाळी थांबल्यावर संबंधांच्या वेळी आग व्हायला लागली. मी आधीच झोपून जायचे. ह्यांना वाटलं, माझं मन उडालं. घरात सासूबाई, मुलगा, सून, बोलणार कुठे? शेवटी कमाटीबागेत सकाळी फिरताना म्हटलं, "अहो, मला तुमच्याजवळ यावंसं वाटतं, पण दुखतं." ते थांबलेच. म्हणाले, "मला वाटलं, मी नकोसा झालो." दोघं मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन कमी झालं की योनीमार्ग कोरडा आणि नाजूक होतो. त्यांनी आतून लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं, शिवाय त्या वेळी वापरायला वॉटर-बेस्ड जेल. काही आठवड्यांत फरक पडला.

रावपुरा, पुरुष, ४७
मला डायबिटीस आहे. ताठरता टिकेना, तेव्हापासून मी रात्री ऑफिसचं काम काढून बसायचो. बायकोनं स्कूटरवर मागे बसून विचारलं, "माझ्यात काही कमी वाटतं का तुला?" एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून तिला विचारता आलं आणि मला खरं सांगता आलं. डॉक्टरांनी आधी साखर, बीपी, हृदय तपासलं. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड कधीकधी तिथे आधी दिसतो. मित्रांनो, मेडिकलमधून परस्पर ताठरतेच्या गोळ्या आणू नका. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट हे औषध चालू असेल, तर त्या गोळ्यांनी रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो.

अलकापुरी, वय ३१
मी सविस्तर लिहिते, कारण मला असं काही वाचायला मिळालं नव्हतं. प्रेमविवाह, नवरा समजूतदार, तरी मला ऑर्गॅझम, म्हणजे सुखाचा परमोच्च क्षण, येत नव्हता. त्याला बरं वाटावं म्हणून आल्याचं दाखवायचे. एका रविवारी दुपारी, कपड्यांच्या घड्या घालताना म्हटलं, "तुझा स्पर्श मला आवडतो. पण मी शेवटपर्यंत पोचत नाही, पोचल्यासारखं दाखवते." त्याला फार लागलं. "म्हणजे आत्तापर्यंतचं सगळं खोटं?" मी म्हटलं, जवळीक खोटी नव्हती, शेवट खोटा होता. मग काही दिवस तो कामापुरतंच बोलला. मी मागे लागले नाही, त्याला वेळ हवाच होता.

नंतर तोच म्हणाला, "मला कळत नाहीये, तू सांग." बहुतेक बायकांना नुसत्या संभोगानं ऑर्गॅझम येत नाही, शिश्निकेला (क्लिटोरिसला, योनीमुखाच्या वरच्या नाजूक उंचवट्याला) स्पर्श लागतो, हे त्याला माहीतच नव्हतं. कसं असणार? शाळेतल्या धड्यात गर्भाशय असतं, बीजांड असतं, सुख नसतं. मी त्याचा हात धरून दाखवलं: इथे, हळू, एवढाच दाब. आता तोही बोलतो. दिवे पूर्ण मालवलेले त्याला आवडत नाहीत, हे मला त्यानंतर कळलं.

नाव नको
मी विचारलं. बायको म्हणाली, "मला सध्या हे नकोच आहे." बाळ लहान आहे. इथे सगळ्यांचं सुटलं, आमचं नाही.

धागाकर्ती
तुम्ही विचारलंत आणि तिनं खरं सांगितलं, हे छोटं नाही. बोलल्यावर होकार मिळालाच पाहिजे असं नसतं, आणि तिच्या 'नको'ला कारण द्यावं लागू नये. ती अंगावर पाजत असेल तर इस्ट्रोजेन कमी असतं, कोरडेपणा येतो, इच्छाही मंदावते, वर झोप नाही. रात्रीचं एक उठणं तुम्ही घ्या. ती सतत उदास दिसत असेल तर मात्र डॉक्टरांकडे लवकर जा.

जेलऐवजी खोबरेल चालेल का, असं एकीनं विचारलंय. लेटेक्सचा निरोध वापरत असाल तर नको. तेलानं तो कमजोर होऊन फाटतो.