थेरपीच्या खोलीत नक्की काय होतं? मुलामुलींचे आणि बाहेर बसणाऱ्या आईबाबांचे अनुभव

दहावी-बारावीच्या धाग्यावर परवा गाडी घसरली ती थेट थेरपीवर. तिथे बरेच जण विचारत होते, 'पण तिथे करतात काय?' म्हणून हा वेगळा धागा. साधारण तेरा ते पंचविशीतल्यांनी एकट्याने घेतलेल्या थेरपीबद्दल लिहा. पालकांचंही स्वागत. डॉक्टरांची नावं आणि औषधांचे डोस मात्र नकोत.

वसतिगृहवासी
मी सुरू करते. पहिल्या भेटीत सल्ला वगैरे काही मिळाला नाही. झोप, जेवण, कॉलेज, घरी कोण कोण, पूर्वी कधी असं झालं होतं का, असंच सगळं. मग मॅडमनी विचारलं, "इथे यायची कल्पना कोणाची?" म्हटलं, आईची. "बरं, मग तुझी स्वतःची काय तक्रार आहे?" मी जरा चिडूनच सांगितलं, की दर तासाला 'बरी आहेस ना?' असा फोन येतो तो थांबायला हवा. त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. आमचं पहिलं उद्दिष्ट तेच ठरलं! मी परत गेले ती त्यामुळेच.

अजून एक. इथलं बोलणं घरी जाणार नाही, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर 2012च्या पॉक्सो कायद्याने कळवावंच लागतं, तेही. आधी कळलं ते बरं झालं.

ठाण्याची आई
मुलगा नववीत. पैसे आपण भरायचे, रिक्षाने आपण न्यायचं आणि आत काय चाललंय ते आपल्यालाच कळू नये, हे पचवायला वेळ लागतो, खोटं कशाला बोलू. आमच्या समुपदेशक मधूनमधून आम्हा दोघांना बोलावतात. काय सांगणार आहेत ते आधी मुलाला विचारून घेतात. 'परत येताना वडापाव खा, विषय काढू नका' अशी ताकीदही मिळाली आहे. ती पाळली की तो घराजवळ आल्यावर आपणहून काहीबाही सांगतो. क्रिकेटबद्दलच जास्त, पण सांगतो.

गृहपाठ_बाकी
इंजिनिअरिंगला तोंडी परीक्षेची भीती. मला वाटलं होतं लहानपण उकरतील. प्रत्यक्षात वही दिली. काय घडलं, त्या क्षणी मनात कुठलं वाक्य आलं, त्यातून काय वाटलं, असे तीन रकाने. 'मी अडखळलो तर सगळे हसतील आणि मी संपलो' या वाक्यावर मग उलटतपासणी. पुढे कामगिरी मिळाली: वर्गात मुद्दाम साधा प्रश्न विचारायचा. दोघं हसले. मी संपलो नाही. महाराष्ट्रात मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडक्यांनी रुजवलेली, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत ती हीच. भीती गेलेली नाही. आता तिच्यासकट परीक्षेला जातो.

अर्धा_डॉक्टर
मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेले डॉक्टर. ते औषधं लिहितात. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात, औषध देत नाहीत. कधीकधी दोघंही लागतात. शिक्षण काय, नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. चांगला माणूस रागावत नाही.

गच्चीवरून
माझी ऑनलाइन. एक तास एकांत मिळणं हीच घरातली मोठी अडचण, म्हणून गच्चीची किल्ली. पहिल्या सरांशी जमलं नाही, इंग्रजीतच बोलायचे आणि मधेच उपदेश. सांगून बदलले. नव्या ताईंनी, 'तिथे काय खटकलं?' यावरूनच सुरुवात केली.

खिसा_रिकामा
खासगीतली फी दर आठवड्याला झेपेना. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. केसपेपर काढा, रांगेची तयारी ठेवा. तिथे वेळ कमी मिळतो, पण मला उपयोग झाला. आणि केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन 2022पासून आहे: 14416, चोवीस तास, मराठीतही. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर पुढच्या आठवड्यातल्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, लगेच फोन करा.

वसतिगृहवासी
+1. आणि थेरपी बंद कशी होते तेही लिहा कोणीतरी. माझी आठवड्यावरून पंधरवड्यावर आली, आता महिन्यातून एकदा. मधे एकदा उलट जास्त रडू यायला लागलं होतं, तेव्हा तसं मॅडमना सांगून टाकलं.

नवीन_सदस्य
मी सतरा वर्षांची. घरी न सांगता जाता येईल का?

अर्धा_डॉक्टर
अठराच्या आत उपचारांसाठी सहसा पालकांची संमती मागतात. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यातही अल्पवयीनांचे प्रतिनिधी पालकच धरले आहेत. पण 14416ला फोन तू स्वतः करू शकतेस. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांना भेट, घरी कसं सांगायचं हे त्यांच्यासोबत ठरवता येईल. आणि घरातच कोणाचा त्रास असेल, तर 1098 हा मुलांसाठीचा नंबर आहे.

ठाण्याची आई
मावशी, आत्या कोणी आहे का गं जवळची? आधी तिला सांगून बघ. तिला सोबत घेऊन आईशी बोल.