पृथ्वीची मुक्त दोलने: खानदेशात ब्रॉडबँड स्टेशन टाकून काय साधणार?

सातपुडा_पायथा
मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी कित्येक दिवस थरथरत राहते, तीच तिची मुक्त दोलने. सगळ्यात संथ दोलन (०एस२) ५४ मिनिटांचं, फुगण्या-आकसण्याचं (०एस०) साडेवीस मिनिटांचं. १९६०च्या चिली भूकंपानंतर ही निर्विवाद सापडली. अंतर्गाभा (पृथ्वीच्या अगदी केंद्रातला गोळा) घन आहे याला १९७१ साली भक्कम आधार मिळाला तो यांच्याच वारंवारतांतून. यांच्यात गुरुत्वाचा वाटा असल्यामुळे घनताही हाती लागते. नुसत्या भूकंपलहरींच्या प्रवासवेळा ती थेट सांगत नाहीत. म्हणून चोपडा-यावलच्या उत्तरेला सातपुड्याच्या बसाल्टवर एक ब्रॉडबँड (जलद ते अतिसंथ, सगळी कंपनं टिपणारा) भूकंपमापक हवाच, असं माझं मत. तापी खोऱ्याखाली काय आहे तेही कळेल.

गाळपेर
ते खोऱ्याचं तेवढं सोडा, भो. मुक्त दोलनांतून प्रावरणाचे (कवच आणि गाभ्यामधल्या थराचे) नकाशे निघतात ते फार ढोबळ. कोटी (नकाशाच्या बारकाईची पायरी; आकडा मोठा तितका तपशील बारीक) ८ म्हटली तरी तरंगलांबी ५००० किमी, आणि नवापूर ते मुक्ताईनगर जेमतेम अडीचशे. शिवाय एकेक दोलन सुटं घेतलं तर फक्त सम कोटीची रचना दिसते; विषम कोटीसाठी दोन दोलनांची सांगड तपासावी लागते. खोऱ्यासाठी थुआदरा–सेंधवा–सिंदाड रेषेवर एनजीआरआयने (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने) स्फोट घडवून केलं तसलं सर्वेक्षण लागतं. १९३८चा सातपुडा भूकंप कवचात खोलवर झाला होता. त्याचा छडाही स्थानिक जाळ्यानेच लागेल.

सातपुडा_पायथा
खोरं बाजूला ठेवू. पण आफ्रिका आणि प्रशांताखालचे प्रावरणाच्या तळाचे ते दोन अवाढव्य ढीग जड की हलके? १९९९मध्ये दोलनांवरून जड ठरले, २०१७मध्ये गाभ्याच्या सीमेला चिकटून असणाऱ्या दोलनांवरून हलके, आणि त्याच वर्षी घनभरतीच्या (चंद्र-सूर्याच्या ओढीने घन पृथ्वीला येणाऱ्या भरतीच्या) मोजणीवरून पुन्हा जड! वाद मिटलेला नसताना नोंदी वाढवू नयेत, हे कसं पटावं?

वर्णपट
आधी यंत्राचं बोला. १२० सेकंदांचा (तेवढ्या आवर्तकाळापर्यंतची कंपनं सारखीच टिपणारा) सेन्सर घेतला तर ०.३१ मिलिहर्ट्झला, म्हणजे ०एस२च्या वारंवारतेला, त्याचा वेग-प्रतिसाद सपाट भागाच्या सुमारे सातशेव्या हिश्शावर येतो. ३६० सेकंदांचा असेल तर ऐंशीव्या. स्वस्तातला सेन्सर घेऊन ०एस२ शोधणं म्हणजे पैसे तापीत.

जागा काळ्या मातीत नकोच. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, सेन्सरखालचा खांब कलतो. सेन्सरच्या आडवी हालचाल मोजणाऱ्या घटकांना हा कल प्रवेगासारखाच दिसतो, त्यामुळे ते आधी हातचे जातात. केळीच्या पट्ट्यात गाळ जाड, वर पाण्याच्या मोटारी चालू. मुरूम काढून ताज्या कातळावर खांब ओता, आणि तो खोलीच्या भिंतीला चिकटू देऊ नका. सेन्सरवर थर्मोकोलचं जाड आवरण घाला.

शेजारी बॅरोमीटर हवाच: १ हेक्टोपास्कल दाब वाढला की उभं गुरुत्व साधारण ३ नॅनोमीटर प्रति सेकंद वर्ग कमी दिसतं. १ मिलिहर्ट्झच्या खाली ही दुरुस्ती न केल्यास वर्णपटाचा (कोणत्या वारंवारतेला किती जोर, त्या आलेखाचा) तळ वर येतो आणि शिखरं त्यात बुडतात.

गाळपेर
हे सगळं जमलं तरी नवीन काय? हैदराबादला जिओस्कोपचं (फ्रान्सच्या जागतिक भूकंपमापक जाळ्याचं) स्टेशन आधीपासून आहे, इथून पाचेकशे किमीवर. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ०एस२ची पाच शिखरं होतात. मधलं शिखर ३५ अंश अक्षांशाच्या आसपास शून्य होतं, त्याच्या लगतची दोन विषुववृत्तावर. आपल्या २१ अंशांवर ती दोन आपल्या कमाल उंचीच्या दोन-तृतीयांश, हैदराबादला अर्ध्याहून थोडी जास्त. एवढ्या फरकासाठी खांब ओतायचा? हैदराबादच्या नोंदी फुकट उतरवून घेता येतात. ढिगांच्या वादातही अडचण स्टेशनांच्या तुटवड्याची नाही. लहरींचा वेग आणि घनता यांचे परिणाम एकमेकांत मिसळतात, ती आहे.

सातपुडा_पायथा
शेवटचा मुद्दा मान्य. पण फुकटच्या नोंदींवर काम करणारे पोरं कच्चा सिग्नल कधी बघतच नाहीत. विद्यापीठाला त्यासाठी तरी एक हवा.

वर्णपट
मग शिकवायचंय असं सरळ म्हणा, स्टेशनच्या अर्जात प्रावरण आणू नका. आणि कालावधीचा हिशोब आधी करा. पाच शिखरं वेगळी दिसायला सलग अडीच दिवस लागतात तो किमान. कामाचं काही हवं तर दहा. ०एस० इतकं सावकाश विरतं की अडीच महिन्यांची नोंद वाया जात नाही. मधे सेन्सरमधलं वस्तुमान पुन्हा मध्यावर आणलं किंवा लाइट गेली की खंड पडतो. तिथे सरळ रेषा ओढून भरली की खोटी शिखरं येतात. त्यापेक्षा तो तुकडा वगळून वारंवारता थेट जुळवा. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर नको, डीसीवर चालणारी बॅटरी आणि सोलर. पॅनेल खोलीच्या छतावर नाही, वीस-तीस मीटर दूर. वाऱ्याने हललं की तेच नोंदलं जातं.