मदत हवी आहे: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये मोठ्या टेबलाचा आयडी इंटिजरचा बिगइंट कसा करावा?

रात्रपाळी
पोस्टग्रेस १४. व्यवहार-नोंदींच्या टेबलात १८० कोटी ओळी, इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या याद्या) धरून ४०० जीबी. आयडी सीरियल (आपोआप वाढणारा इंटिजर) आहे आणि त्याला आकडे पुरवणारा सीक्वेन्स १९७ कोटींवर पोचला आहे; इंटिजरची मर्यादा २१४ कोटींची. रोज साधारण २० लाखांची भर, म्हणजे हातात तीन महिनेही नाहीत. चाचणीच्या सर्व्हरवर सरळ ऑल्टर टेबल करून कॉलमचा टाइप बदलायला घेतला, तर डिस्कच भरली. लाइव्हवर ५ मिनिटांपेक्षा जास्त बंद चालणार नाही. दुसऱ्या एका टेबलाची फॉरेन की या आयडीवर आहे, म्हणजे तिथला एक कॉलम या आयडीकडे बोट दाखवतो.

पाटीपेन्सिल
इंटिजर ४ बाइटचा, बिगइंट ८ चा. त्यामुळे पोस्टग्रेस प्रत्येक ओळ नव्या फाइलमध्ये लिहितो, सगळे इंडेक्स नव्याने बांधतो आणि कमिट होईपर्यंत (बदल पक्का होईपर्यंत) जुनी फाइलही ठेवतो. डिस्क भरली ती यामुळे. तेवढा वेळ ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक असतो, साधं सिलेक्टसुद्धा (नुसतं वाचणं) अडतं. लाइव्हवर हा रस्ता धरूच नका.

आधी आयडी_नवा हा बिगइंट कॉलम जोडा, डिफॉल्ट न देता. फक्त कॅटलॉगमध्ये (टेबलांच्या रचनेच्या नोंदवहीत) नोंद होते, क्षणाचं काम. मग इन्सर्ट-अपडेटच्या आधी चालणारा ट्रिगर लावा, म्हणजे नव्या ओळींचा आयडी तिकडेही जाईल. जुन्या ओळी आयडीच्या पट्ट्यांनी भरा: एका वेळी १०,०००, प्रत्येक तुकडीला कमिट, मधूनमधून व्हॅक्यूम (ओळींच्या जुन्या प्रतींची सफाई). एकाच अपडेटमध्ये सगळ्या भरल्या तर प्रत्येक ओळीची दुसरी प्रत होऊन टेबल दुप्पट फुगेल. नव्या कॉलमवर इंडेक्स आत्ताच बांधू नका, नाहीतर प्रत्येक अपडेटला सगळ्या इंडेक्सांमध्ये नवी नोंद पडेल.

भरून झालं की युनिक इंडेक्स कन्करंटली (टेबलात लिहिणं न अडवता) बांधा. हे ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. मध्येच फसलं तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो, तो काढून पुन्हा बांधा. मग 'आयडी_नवा नल नाही' असा चेक नॉट व्हॅलिड म्हणून (जुन्या ओळी लगेच न तपासता) जोडा आणि वेगळ्या कमांडने व्हॅलिडेट करा. आवृत्ती १२ पासून नॉट नल लावताना पोस्टग्रेस या चेकवर विसंबतो, सगळं टेबल पुन्हा वाचत नाही.

कुलूपकिल्ली
'क्षणाचं काम' इथेच घात होतो. समजा, एखाद्या रिपोर्टचं सिलेक्ट २० मिनिटं चाललंय. तुमचं ऑल्टर त्याच्यामागे थांबतं आणि नंतर आलेलं प्रत्येक सिलेक्ट ऑल्टरच्या मागे. लॉक मिळालेलाही नसतो आणि साइट ठप्प! प्रत्येक ऑल्टरच्या आधी लॉक_टाइमआउट (लॉकसाठी थांबायची मर्यादा) २ सेकंद ठेवा. नाही जमलं तर थोड्या वेळाने पुन्हा.

रात्रपाळी
जुन्या-नव्या कॉलमची अदलाबदल आणि फॉरेन कीचं काय?

पाटीपेन्सिल
फॉरेन की असलेल्या टेबलातला कॉलमही इंटिजरच असणार. आधी तो याच रीतीने बिगइंट करा; इकडे इंटिजर, तिकडे बिगइंट असतानाही फॉरेन की चालते.

अदलाबदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये: ट्रिगर, फॉरेन की, जुनी प्रायमरी की (ओळीची मुख्य ओळख) काढा, दोन्ही कॉलमांची नावं बदला, तयार इंडेक्स वापरून प्रायमरी की लावा, डिफॉल्ट नव्या कॉलमवर न्या. प्रायमरी की गेली तरी जुन्या कॉलमचा नॉट नल तसाच राहतो. तो काढायचा राहिला तर पुढचं पहिलंच इन्सर्ट पडेल. सीक्वेन्सही बिगइंट करा आणि त्याची मालकी नव्या कॉलमला द्या. मालकी जुन्याकडे असेल तर तो कॉलम ड्रॉप करताना सीक्वेन्स अडवतो, आणि कॅस्केड केलं (त्यावर अवलंबून असलेलंही काढलं) तर डिफॉल्टही जातो. फॉरेन की नॉट व्हॅलिड म्हणून परत जोडा, व्हॅलिडेट नंतर सावकाश.

कुलूपकिल्ली
व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी) नावावर जात नाहीत, ते जुन्या कॉलमलाच चिकटून राहतात. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये नव्याने बनवा. नवा कॉलम शेवटी जातो, म्हणून कॉलमांची नावं न देता केलेली इन्सर्ट आणि कॉपी तपासा. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरी) 'कॅश्ड प्लॅन मस्ट नॉट चेंज रिझल्ट टाइप' म्हणून पडतील, तेव्हा अदलाबदल झाल्याबरोबर कनेक्शन पूल (उघडी ठेवलेली कनेक्शनं) रीस्टार्ट.

वेळ अपुरा पडला तर सीक्वेन्सचा किमान आकडा उणे २,१४,७४,८३,६४८ करून तिथूनच सुरू करा, आणखी २१४ कोटी आकडे मिळतात. पण आयडीच्या क्रमाने 'ताज्या नोंदी' दाखवणारा कोड त्याच दिवशी चुकेल, तो आधी तारखेवर न्या.