अ‍ॅडाप्टेशनच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींसाठी पोरांची तयारी कशी करून घ्यायची?

धरमपेठकर
नमस्कार मंडळी. आमच्या नागपुरातल्या एका कॉलेजात लॉ आणि अ‍ॅग्रीच्या पीजीवाल्यांसाठी तीन दिवसांचं वर्कशॉप आहे, विषय क्लायमेट अ‍ॅडाप्टेशनच्या वाटाघाटी, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला काय करायचं यावर देशादेशांत होतात त्या, आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. यातले एकदोघं पुढे जूनमध्ये जर्मनीत बॉनला यूएनच्या हवामान बैठकीत ऑब्झर्व्हर म्हणून जातील अशी आशा आहे. पीपीटी भरपूर आहेत, १९९२ चं रिओ, २०१५ चा पॅरिस करार, त्यातलं अ‍ॅडाप्टेशनचं ७ वं कलम, सगळं झालं. पण सराव घेतला तर प्रत्येक जण उठून भाषणच ठोकतो. सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन घराघरात पाणी शिरलं ते सांगतात, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यात पाणी येतं, टाळ्या पडतात, आणि पुढे काय मागायचं ते कोणालाच माहीत नसतं. कुठून सुरुवात करू?

बॅकबेंचर
या वाटाघाटींच्या खोल्यांमध्ये मागच्या खुर्चीवर बसून बरंच ऐकलंय म्हणून सांगतो. भाषणं मोठ्या हॉलमध्ये होतात, खरं काम छोट्या खोलीत होतं, तिथे दोन को-फॅसिलिटेटर (चर्चा चालवणारे) असतात, स्क्रीनवर मसुदा असतो आणि ज्यावर एकमत नाही ते चौकोनी कंसात असतं. ऑब्झर्व्हरला बऱ्याचदा आत बसू देतात पण बोलू देत नाहीत, आणि कधीकधी दार बंदही होतं. भारत बहुतेक वेळा जी-७७ आणि चीन या विकसनशील देशांच्या मोठ्या गटातून नाहीतर समविचारी विकसनशील देशांच्या गटातून बोलतो, म्हणजे पहिली वाटाघाट आपल्याच गटात होते, सकाळी, बाकीचे यायच्या आधी. हे पोरांना कोणी शिकवतच नाही!

तुमच्या विषयाचा ताजा धागा असा आहे. दुबईत २०२३ च्या यूएन हवामान परिषदेत अ‍ॅडाप्टेशनच्या जागतिक ध्येयाची चौकट ठरली, ११ टार्गेट, त्यातली ७ विषयवार (पाणी, शेती-अन्न, आरोग्य, परिसंस्था, पायाभूत सुविधा, उपजीविका, सांस्कृतिक वारसा) आणि ४ नियोजनाच्या टप्प्यांची. मग दोन वर्षं निर्देशांकांवर, म्हणजे ही टार्गेट कोणत्या आकड्यांनी मोजायची त्यावर घासाघीस, आणि २०२५ ला ब्राझीलमधल्या बेलेमच्या परिषदेत ५९ निर्देशांकांची यादी मंजूर झाली, ऐच्छिक म्हणून, तरी शेवटच्या सभेत काही देशांनी हरकत घेतलीच. भांडण कशावर? मोजायचं आम्ही आणि पैसे कोण देणार ते मोजायचं नाही, हे कसं चालेल, यावर.

म्हणून भाषण बंद. अर्ध्या पानाचा मसुदा द्या, तीन कंस ठेवा, आणि तासाभरात एक तरी कंस उडवायला लावा. बोलायला दोन मिनिटं, आणि बोलण्यात बदललेलं वाक्य असलंच पाहिजे, नाहीतर माईक बंद.

आणि हात वर कधी करायचा त्याचाही सराव घ्या. बाकूच्या परिषदेत २०२४ ला विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरच्या हवामान निधीचं ध्येय मंजूर झालं तेव्हा भारताची हरकत नोंदली गेली ती अध्यक्षांचा हातोडा पडल्यावर, आपलं म्हणणं होतं की आम्ही आधीच बोलायला मागितलं होतं.

पोट्टा_कामठीचा
हे सगळं दिल्लीचे साहेब लोक ठरवतात न भाऊ, नागपूरच्या पोट्ट्यांनी कंस उडवून काय होऊन राहिलं?

मामातलाव
@पोट्टा_कामठीचा होते ना बाप्पा, काहून नाही होणार? साहेबाच्या हातातला कागद खालूनच भरून जाते.

धरमपेठकर, तुमच्या पोरांना एक दिवस भंडारा-गोंदियाकडे न्या. मामा तलाव दाखवा, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या ताब्यातले तलाव. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारजमा झाले, मग गाळ कोणी काढायचा यावरच वर्षं गेली. आता गंमत पाहा, हा एकच तलाव पाणी, शेती आणि सांस्कृतिक वारसा अशा तिन्ही टार्गेटात बसते. कोणत्या खाली मांडायचा? पाण्याखाली मांडला तर सोबतीला एक गट येईल, वारशाखाली मांडला तर दुसरा. पॅरिस कराराच्या ७ व्या कलमात पारंपरिक ज्ञानाचा उल्लेख आहेच, तो पकडून इथल्या कोहळी समाजाची तलाव बांधायची पद्धत मांडता येते, पण मग पैशाचा मुद्दा मागे पडायची भीती. हे पोरांना भांडून ठरवू द्या.

दुसरं, एक निर्देशांक घेऊन ग्रामपंचायतीत जा आणि ग्रामसेवकाला, कृषी सहायकाला विचारा, हा आकडा तुमच्याकडे आहे का. पोकरा (राज्याचा हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प) आहे त्या गावांत पाण्याचा ताळेबंद मांडला जाते, तिथे काही सापडेल, बाकी गावांत रजिस्टर निघेल तेव्हा खरं. पैशाचा रस्ताही उलटा चालून बघा, अ‍ॅडाप्टेशन फंडाची (अशा कामांना पैसे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीची) आपल्याकडची मान्यताप्राप्त संस्था नाबार्ड आहे, तिथून गावापर्यंत किती टेबलं लागतात ते पोरांनी स्वतः काढावं.

मे_महिना
मामातलावच्या आकड्याच्या मुद्द्यावरच पुढे जोडते, मी आरोग्याच्या बाजूने काम करते. आरोग्याच्या टार्गेटमध्ये हवामानाशी संबंधित आजार आणि मृत्यू कमी करायचं म्हटलंय, वाचायला छान वाटतं. आता नागपूरचा मे घ्या. अहमदाबादने २०१३ ला हीट अ‍ॅक्शन प्लॅन (उन्हाच्या लाटेसाठीचा आराखडा) केला, मग आपल्याकडेही आला. पण रस्त्यावर काम करणारा माणूस उन्हाने गेला तर कागदावर बहुतेक वेळा हार्ट अटॅक लिहिलं जातं, आणायला उशीर झालेला असतो, शरीराचं तापमान घेतलेलं नसतं, आणि आधीचा बीपी-शुगर असला की कारण तिथेच थांबतं. म्हणजे उष्माघाताचे आकडे मुळातच कमी. आता हा आकडा घेऊन तुमचा निगोशिएटर टेबलावर बसला की समोरचा म्हणणार, तुमच्याकडे तर मृत्यू कमीच आहेत, पैसे कशाला? आणि पुढे नोंदणी सुधारली की आकडा वाढेल, तेव्हा तोच म्हणेल की तुमची योजना फसली. दोन्हीकडून मार.

म्हणून पोरांना आपलाच आकडा फोडायला शिकवा, समोरच्याने फोडायच्या आधी. त्यातून मागणी आपोआप निघते, की निर्देशांकासोबत मृत्यूनोंदणी आणि दवाखान्यांच्या रिपोर्टिंगसाठी मदत मिळाली पाहिजे, आणि ही मागणी त्याच परिच्छेदात असली पाहिजे, मागे परिशिष्टात नको. परिशिष्टात टाकलेलं कोणी वाचत नाही.

धरमपेठकर
क्या बात है! अंबाझरीची केस मी आता पायाभूत सुविधांच्या टार्गेटखाली अर्ध्या पानात बसवतो आणि कंस घालून देतो. एकच अडचण, सगळ्यांना भारतच व्हायचंय, युरोपियन युनियन व्हायला कोणी तयार नाही.

बॅकबेंचर
तिथे तुमचे सगळ्यात हुशार पोट्टे टाका, आणि त्यांना एक दिवस आधी भारताची मागणी गुपचूप देऊन ठेवा.